सदर कलावंत गावातच जन्मलेला असावा

"सतरा, तू या गावचा नाहीस," असं सर मला तोंडावर म्हणाले. तेही माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच आईनं केलेला चहा बशीत ओतता ओतता. चाळिशीला आलोय मी. कोल्हापूरपासून पाऊण तासावरच्या या गावात शेंबूड पुसत वाढलो, इथल्याच हायस्कुलात शिकलो, इथंच एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकून बसलोय. नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेत जाऊन बोंब मारणारा पहिला मी. एवढं करून माणूस गावचा नाही, तर मग कुठला? मंगळावरचा?

सतरा हा माझा हजेरीपटावरचा नंबर. सर आमचे चित्रकलेचे. रिटायर होऊन त्यांना पंधरा वर्षं होत आली, पण जुन्या पोरांना ते अजून नंबरानंच हाक मारतात. बँकेचा मॅनेजर चार नंबर. मटणाच्या दुकानाचा मालक बावीस. आमचे नगराध्यक्ष एकतीस. एकदा भर चौकातल्या सभेत नगराध्यक्षांचं भाषण लांबलं, तर मागनं सरांचा आवाज आला, "एकतीस, खाली बस." आणि एकतीस बसले. उठून उरलेलं भाषण करायचं त्यांच्या ध्यानात यायला दोन मिनिटं लागली.

सरांचा दुसरा शब्द म्हणजे 'पुरावा'. मिसळ आज तिखट आहे म्हटलं की, पुरावा? घ्यायचे चमचा आणि बघायचे. एसटी चुकली म्हणून उशीर झाला, तर तिकीट दाखव. बरं, हे वर्गापुरतं असतं तर चाललं असतं. खालच्या आळीतला एक म्हातारा गेला, तेव्हा निरोप घेऊन आलेल्या पोरालाही सरांनी सवयीनं विचारलं, "पुरावा?" त्या पोराच्या चुलत्यानं पायताण काढलं होतं, बाकीच्यांनी आवरलं म्हणून निभावलं.

ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलंय तेच त्यानं काढायचं, हा त्यांचा चित्रकलेचा एकमेव धडा. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं डोंगर, मधनं उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाचं झाड काढत असतील. आमच्या वर्गात ते चालायचं नाही. "डोंगर कुठला हा? नाव सांग. नारळ आपल्यात किती आहेत? तीन. त्यातला हा कुठला?" एकानं समुद्र काढला, त्याला शून्य मिळालं, कारण तो कधी कोकणात गेला नव्हता. सफरचंद काढायचं तर घरात कुणीतरी आजारी पडायला लागायचं, तेव्हाच ते दिसायचं. त्यामुळं आम्ही वर्षभर वांगी काढली. वांगं, वांग्याचा देठ, वांग्याची सावली. दहापैकी सहाच्या वर मार्क नाहीत. आज तुम्ही मला अर्ध्या झोपेतनं उठवा, मी तुम्हाला असं वांगं काढून देतो की तुम्ही भरून खाल.

लग्न केलं नाही त्यांनी. का ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, खिशाला पेनाच्या जागी दोन ब्रश, आणि सायकलच्या कॅरिअरला रंगाचे डबे. गावात कुणाच्या दुकानाची पाटी वाकडी दिसली की न विचारता शिडी लावून सरळ करायचे आणि मालकालाच झापायचे.

आता या माणसाच्या हातात नगरपालिकेनं गावातल्या कलावंतांची यादी द्यावी, हा निव्वळ स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार होता. पण झालं ते असं.

आमच्या गावाला सिनेमाची खाज जुनी. कोल्हापुरात स्टुडिओ जोरात होते तेव्हा गर्दीच्या सीनला माणसं न्यायला आमच्यात ट्रक यायचा. त्यामुळं गावात असं घर नाही की ज्यातला एखादा आजा पडद्यावर भाला धरून उभा नव्हता. आमचाही आजा होता. फक्त त्याच्या पुढं हत्ती होता, म्हणून दिसला नाही. पुढं कुणी ढोलकी वाजवायला गेलं, कुणी मेकअपला, कुणी मारामाऱ्या बसवायला. आता कोल्हापूरच्या आसपास मालिकांची शूटिंगं सुरू झाल्यावर तर विचारू नका. मीसुद्धा दुकान सांभाळून एका मालिकेत हवालदार झालोय. दोन वर्षं झाली. "साहेब, गाडी आली" आणि "साहेब, गाडी गेली" ही माझी मुख्य वाक्यं. पण मोठं नाव काढलं ते आमच्या गावच्या एका नटानं. टीव्हीवर तो सासरे करतो. महाराष्ट्रातल्या निम्म्या मालिकांतल्या सुना त्याच्या पाया पडून गेल्यात.

तर, शेजारच्या गावानं आमचा एक ढोलकीवाला 'आमचा, आमचा' म्हणून त्याचा सत्कार उरकून घेतला. आमच्या नगरपालिकेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्टँडच्या भिंतीवर 'आमच्या गावचे कलावंत' असा मोठा बोर्ड रंगवायचा ठरलं. बाहेरच्यांनी घुसू नये म्हणून ठरावात एक ओळ घातली, 'सदर कलावंत गावातच जन्मलेला असावा.' आणि काम सरांना दिलं. सर म्हणाले, "ठरावाची प्रत द्या. सहीशिक्क्याची." दिली. तिथंच खेळ संपला.

कारण आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, पोरगी माहेरी जायची, आणि सव्वा महिन्याचं बाळ कुंची घालून सासरी यायचं. म्हणजे गावातलं घरटी थोरलं पोर दुसऱ्याच गावात जन्मलेलं. हे नगरसेवकांना माहीत नव्हतं असं नाही, पण ठराव करताना बाळंतपण कुणाच्या डोक्यात येतंय? बाप्यांची सभा ती. सर मात्र चार महिने जन्माची नोंदवही घेऊन बसले. एकेक पान, एकेक नाव. झेरॉक्स माझ्याकडं काढायचे आणि मला वाचू द्यायचे नाहीत, कागद उलटा धरायचे.

बोर्डाच्या उद्घाटनाला टीव्हीवरचे सासरे मुद्दाम बोलावले होते. फेटा, हलगी, गुलाल, मागं मंडपात मटणाचं जेवण. त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला. बोर्डावर नऊ नावं होती. सासऱ्यांनी वरून खाली वाचलं. मग गॉगल काढून वाचलं. मग गॉगल पुसून परत घालून वाचलं. नऊतली सहा नावं गावात कुणी ऐकलेलीच नव्हती. पहिलंच होतं, 'जैतून यांची मुलगी', पुढं तिचं नाव आणि 'ऑर्केस्ट्रा गायिका'. ही कोण बया म्हणून लोक एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात मुल्ला गल्लीतली एक म्हातारी गर्दीतनं ओरडली, "अगं बया, माझ्या जैतूनची की ही! माझ्या दारात न्हाऊ घातलंया हिला!" तिची लेक मिरजेकडं दिलेली. नात सव्वा महिना या गावात होती. सरांच्या हिशेबात ती गावची, आणि सासरे नव्हते.

"मास्तर," सासरे म्हणाले, "माझं नाव?"

"तुमचा जन्म वारणेकाठी. आईच्या माहेरी," सर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतनं झेरॉक्स काढली.

"अहो, या गावची माती खाल्लीया मी! तुमच्या हातचा मार खाल्लाय हितं, ह्या हातावर!"

"मारलं ते खरं आहे. पण नोंदवहीत त्याला रकाना नाही."

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. नगराध्यक्ष घामाघूम. सासरे फेटा काढून गाडीत बसले ते जेवायला थांबले नाहीत. पातेलंभर तांबडा रस्सा उरला. सरांनी दोन वाट्या प्यायला आणि म्हणाले की मीठ बरोबर आहे.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "सर, पोराच्या नावाआधी आईचं नाव का लिहिलंय? बापाचं का नाही?"

"जन्माला खात्रीचा साक्षीदार एकच, आई," सर म्हणाले. "बाप त्या वेळी सासरवाडीला कशाला असतोय? तो आपल्या गावात पेढे वाटत असतो."

दुसऱ्या आठवड्यात ठराव बदलायला सभा भरली. 'जन्मलेला किंवा वाढलेला' असं करू म्हणाले. सरांनी उभं राहून विचारलं, "वाढलेला म्हणजे किती वर्षं?" झालं. एक म्हणाला, पाच. दुसरा म्हणाला, सातवी पास होईपर्यंत, कारण त्याचा मेव्हणा सातवीपर्यंत इथं होता. तिसरा म्हणाला, मग माझी मेव्हणी काय मेलीया का, ती बालवाडीला होती. खुर्च्या उडायच्या तेवढ्या राहिल्या. ठराव आहे तसाच राहिला आणि सर सायकलवरून घरी गेले.

बाकीच्यांचं काय ते त्यांचं त्यांना. माझ्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. मीही आईचा थोरला. राधानगरीच्या अंगाला, आजोळी जन्मलेला. आणि माझ्या आईला माझं नाव त्या बोर्डावर बघायचं होतं. मालिकेतलं माझं काम तिला कळतंय किती, देव जाणे, पण 'बोर्डावर कवा लागतंय तुजं नाव?' हे ती दिवसाआड विचारायची. स्टँडवरनं भाजी घेऊन येताना बोर्डापुढं थांबायची. चौथी शिकलेली बाई, सावकाश एकेक अक्षर लावून नऊच्या नऊ नावं वाचायची. एखादं दहावं आलंय का बघायची. तिला तसं उभं बघितलं की मला दुकानाचं शटर ओढून घ्यावंसं वाटायचं.

सरांच्या घरी टीव्ही नव्हता. माझी मालिका बघायला ते आमच्याकडं यायचे, रोज साडेसातला, वही घेऊन. आई चहा ठेवायची. मालिका संपली की सर निकाल सांगायचे. "पट्टा उलटा घातला होतास." "सलाम करताना तुझा कोपर खाली येतो." "साहेब बोलत असताना तू भिंतीवरची पाल बघत होतास." खरंच बघत होतो. "सहा," म्हणायचे. दहापैकी. त्यांच्याकडून सहा म्हणजे डोक्यावरनं पाणी, म्हणून मी मनातनं खूश असायचो.

त्या दिवशी आईनं चहाचा कप हातात देतानाच विषय काढला. "मास्तर, आता तरी पोराचं नाव घाला की बोर्डावर."

"वहिनी, काम मी बघतोय. काम ठीक आहे. पण जन्म?"

"पैलं बाळातपण हुतं माझं. म्हायारी नगं जायाला?"

"जायलाच पाहिजे."

"मग?"

तेव्हा ते माझ्याकडं वळले आणि ते वाक्य म्हणाले, मी या गावचा नाही. बशीत चहा ओतता ओतता. माझं डोकंच फिरलं. दिवसभर शूटिंगला उन्हात उभा राहून आलो होतो, त्यात आईचं तोंड उतरलेलं दिसलं. मी म्हणालो, "सर, तुम्हाला ना बायको, ना पोर. आपल्या लेकराचं नाव भिंतीवर बघायची हौस काय असती ते तुम्हाला काय कळणार? तुम्ही वांगीच रंगवा."

बोललो आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द काय परत घेता येतो? सरांनी बशी खाली ठेवली. वही मिटली. "चहा चांगला होता, वहिनी," म्हणाले, आणि चपला घालून गेले. जाताना दाराला लावलेली माझ्या नावाची पाटी वाकडी होती, तीसुद्धा त्यांनी सरळ केली नाही. त्यावरनं मी ओळखलं की किती लागलंय.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. आईनं टीव्ही लावायचंच बंद केलं. मी म्हटलं, "अगं, मी हाय की आज. दोन वाक्यं हायत." ती म्हणाली, "तुला रोज घरात बघतीया. मास्तर येत्यात तवा लावीन." माझ्याशी बोलणं म्हणजे 'जेव' आणि 'दार लाव', एवढंच राहिलं. स्टँडवरच्या बोर्डापुढंही ती थांबेना. मान खाली घालून भाजी घेऊन यायची. मी सरांच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुलूप. शेजारी म्हणाले, "सर कुठं जात्यात म्हाईत न्हाई. डबे घिऊन पहाटंच्या एसटीनं जात्यात." या वयात पोटासाठी बाहेर पाट्या रंगवायला लागले की काय, म्हणून मला आणखीच अपराधी वाटलं.

दोन महिन्यांनी राधानगरीकडनं मामाचा फोन आला. मामाला फोनवर सावकाश बोलता येत नाही, तो धरणावरनं हाक मारल्यासारखा बोलतो.

"भाच्या! तुमचा त्यो चित्राचा मास्तर हितं आलाय रं! ग्रामपंचायतीची दप्तरं उलथीपालथी केली. सरपंचाकडनं ठराव करून घितला. आन आता दूध संस्थेच्या भितीवर लिवत बसलाय!"

"काय लिवतोय?"

"तुजं नाव लिवलंय की! पर त्याच्या आदी मोकळी जागा सोडलीया, आन ती काय केल्या भरंना. तीन दीस झालं. मी म्हनलं, मी सांगतो काय लिवायचं ते. तर म्हंतोय, तुमचा पुरावा चालत न्हाई, आक्काला घिऊन या. जेवतोय माझ्यात, पर ऐकत न्हाई माझं!"

आईला घेऊन मी मोटारसायकलवरनं निघालो. वाटभर माझ्या खांद्यावरची तिची पकड घट्ट होती.

दूध संस्थेची भिंत पांढरी करून घेतली होती. वर निळ्या अक्षरांत, 'या गावचे कलावंत'. खाली, हातभर मोकळी जागा, मग 'यांचा मुलगा', मग माझं नाव, अख्खं, आणि पुढं 'अभिनेता'. अभिनेता! हवालदार नव्हे. एवढ्या भिंतीवर ते एकच नाव. समोर स्टुलावर सर बसले होते, मांडीवर ब्रश, भोवती दूध घालायला आलेली दहापंधरा माणसं. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते आईला बघून उठले.

"वहिनी, बरं झालं आलात. इथल्या नोंदवहीत याचा जन्म आहे. नोंद तुमच्या वडिलांनी दिली, त्यांचा अंगठा आहे. बाळाच्या आईचं नाव लिहिलंय, मालन. पण तुमच्या घरात तुम्ही सुनंदा. मतदार यादीत सुनंदा. दोन कागद दोन तोंडांनी बोलतायत. मला अंदाजानं लिहिता येत नाही. तुमचं खरं नाव कुठलं?"

मालन. हे नाव माझ्या कानावरनं कधी गेलंही असेल, पण मला आठवत नव्हतं. माझा सगळा कारभार शाळेच्या दाखल्यावर चाललेला, त्यावर बापाचं नाव. मामा आक्का म्हणतो. गल्लीत ती वहिनी आणि काकू. वडील तर नुसतं 'अगं' म्हणायचे.

आई भिंतीकडं बघत राहिली. मग ती म्हणाली, "लग्नात ताटात तांदूळ पसरलं आन ह्येच्या बानं त्यात बोटानं सुनंदा लिवलं. ते झालं माजं नाव. मला काय कुणी इच्यारलं न्हवतं. माजं आबा तेवढं मरूस्तर मालनच म्हनायचं. आबा गेल्यावर त्ये नाव घेनारं कुनी ऱ्हायलंच न्हाई. ह्या गावात माजं नाव कुटंच न्हाई, मास्तर. घरावर न्हाई, सातबाऱ्यावर न्हाई."

मामा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"म्हणून विचारतोय," सर म्हणाले. "कुठलं लिहू?"

"मालन लिवा," आई म्हणाली. "सुनंदा रेशनकार्डावर हाय की."

माणसं हसली. मला मात्र हसू येईना. एवढी चाळीस वर्षं मी हिच्या हातचं खातोय आणि हिचं नाव मला एका परक्या माणसानं तीन एसट्या बदलून आणून दाखवावं लागलं.

सर स्टुलावर चढले. स्टूल एका पायानं लंगडं होतं, मी पळत जाऊन धरलं. वर बघत म्हणालो, "सर, त्या दिवशी मी नको ते बोललो. चुकलं माझं."

"स्टूल धर नीट," सर म्हणाले. "म ची गाठ बिघडंल."

सत्तरी ओलांडलेला हात, पण जरासुद्धा हलला नाही. हातभर जागेत त्यांनी 'मालन' असं काढलं की माझं नाव त्याच्यापुढं बारीक दिसायला लागलं. मी तसं म्हणालोही. सर उतरले, चार पावलं मागं गेले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मार्क दिले नाहीत.

मामी जेवायला हाका मारत आली. पानं वाढली होती, भात निवत होता. सर हात धुवायला गेले, मामा गेला, माणसंही पांगली. आई जागची हलेना. मी म्हटलं, "आई, चल की. किती वेळ बघतीयास?"

"बघत न्हाई रं," ती म्हणाली, आणि पदर खोचून भिंतीला पाठ करून उभी राहिली. "हितं शेरडं मोकळी फिरत्यात, आंग घासत्यात भितीला. तुमी जेवून घ्या. रंग वाळूस्तर मी हितंच हाय."